गामाचा दगड आणि आईची डेडलिफ्ट

कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये एक दगड आहे. बडोद्यात वाढलेल्या बहुतेक मुलांना तो कधी ना कधी दाखवलेला असतो. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहंमद ऊर्फ गामा पैलवानाने तो उचलला, अशी त्याची ख्याती. वजन १२०० किलो. मला तो बाबांनी दाखवला. “बघ, माणसाने मनात आणलं तर...” एवढंच म्हणून ते थांबले. पुढचं दगडच सांगेल अशी त्यांची खात्री असावी.

मी शाळेत गणित शिकवते. त्यामुळे दगडाने सांगितलेलं मी मोजून बघते. पहिली गोष्ट, १९०२ साली बडोद्यात किलो नव्हते. मण आणि शेर होते. किलो आले १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणजे हा आकडा मागाहून चिकटलेला. पण आकडा खोटा आहे असंही नाही. अडीच फुटांचा ठोकळा धरला आणि दगड पाण्याच्या पावणेतीनपट जड धरला, तर हिशेब १२०० किलोच्या आसपासच येतो. दगडाच्या वजनाबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती ‘उचलला’ या क्रियापदाबद्दल.

जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी उचलून सरळ उभं राहायचं, याला डेडलिफ्ट म्हणतात. त्यात ५०० किलो हा आकडा माणसाने पहिल्यांदा गाठला तो २०१६ साली. इंग्लंडच्या एडी हॉलने. नाकातून रक्त आलं आणि गडी बेशुद्ध पडला. २०२० साली हाफथोर ब्यॉर्नसनने ५०१ केले. दोघंही पावणेदोनशे किलोच्या वरचे आणि हातात पकडायला नीट गोल लोखंडी बार. गामा जेमतेम साडेपाच फुटांच्या वरचा आणि समोर चौकोनी दगड. दगडाची नुसती एक कड उचलायची तरी निम्मं वजन, म्हणजे ६०० किलो लागतात. कलवला असेल, हलवला असेल, काय असेल ते असो. गामा मोठाच होता, १९१० साली लंडनला जाऊन त्याने ते दाखवूनही दिलं. त्यासाठी त्याला या दगडाची गरज नाही.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं. ताकद म्हणजे चमत्कार असं एकदा मनात बसलं, की पैलवानाच्या वाट्याला अतिशयोक्ती येते आणि आपल्या वाट्याला भीती. ‘ते गामाचं काम, आपली तर बादली उचलताना कंबर धरते.’ मी गेली सहा वर्षं पॉवरलिफ्टिंग करते आहे, आता चव्वेचाळिसावं लागलं. या सहा वर्षांत गुडघे जातील, पाठ जाईल, आवाज पुरुषी होईल, मुलं होणार नाहीत (दोन आहेत, मोठी कॉलेजात आहे) असं सगळं ऐकून झालं. शेजारच्या काकूंनी तर एकदा हात धरून हळूच विचारलं, “अगं, घरी सगळं ठीक आहे ना?” आणि हे कुठे, तर जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या, व्यायामाचार्य प्रोफेसर माणिकरावांच्या गावात!

आधी खेळ कुठला ते. ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानू डोक्यावर बार धरून उभी राहते ते वेटलिफ्टिंग. तेल लावून पोज देतात ते बॉडीबिल्डिंग. पॉवरलिफ्टिंगमध्ये बार डोक्यावर जातच नाही. तीन प्रकार असतात. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीपर्यंत आणून वर ढकलायचा. आणि डेडलिफ्ट. प्रत्येकाला तीन संधी, म्हणजे एकूण नऊ. प्रत्येक प्रकारातला सर्वांत जड यशस्वी प्रयत्न धरून बेरीज करायची. तीन पंच असतात, त्यातल्या दोघांचे पांढरे दिवे लागले की उचल मान्य. स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या माथ्याखाली गेला नाही तर लाल दिवा, मग वजन कितीही असो. आंतरराष्ट्रीय संघटना १९७२ ची, बायकांची जागतिक स्पर्धा १९८० पासून. ऑलिंपिकमध्ये हा खेळ नाही. पॅरालिंपिकमध्ये आहे, पण तिथे फक्त बेंच प्रेस.

आता मुख्य गैरसमज. बाकीचे बहुतेक याच्याच पोटातून निघतात. ताकद म्हणजे स्नायूंचा आकार, असं आपण धरून चालतो. जितका दंड मोठा तितका जोर.

गणेशोत्सवात मंडळाची मोठी मूर्ती ट्रकवरून उतरवताना बघितली असेल. पंधरा पोरं हात लावतात. त्यातली पाच नुसतीच हात लावून उभी असतात, दोघं चुकून उलट्या बाजूला ओढत असतात, एक जण फोनवर असतो. मूर्ती हलत नाही. मग कुणीतरी ओरडतो, “एक, दोन, तीन!” आणि तीच पंधरा पोरं तीच मूर्ती अलगद खाली आणतात. पोरं वाढली नाहीत, कुणाचे दंड फुगले नाहीत. हाक एका वेळी पोचली, एवढंच.

स्नायू म्हणजे असे हजारो तंतू, आणि हाक देणारी मज्जासंस्था. नवखा माणूस जीममध्ये जातो तेव्हा त्याच्या तंतूंपैकी बरेचसे नुसते हात लावून उभे असतात आणि विरुद्ध बाजूचे स्नायू घाबरून उलटे ओढत असतात. पहिल्या काही आठवड्यांत उचललं जाणारं वजन झपाट्याने वाढतं, पण आरशात काहीच दिसत नाही, त्याचं कारण हेच. १९७९ साली स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजून हे दाखवलं गेलं: सुरुवातीची वाढ बहुतेक मज्जासंस्थेची, स्नायूंचा आकार मागाहून वाढतो.

हे एकदा कळलं की ‘बाई पुरुषासारखी दिसायला लागेल’ याची हवाच निघते. ताकद वाढायला शरीर फुगावंच लागतं असं नाही. मी सहा वर्षांपूर्वी ५६ किलोची होते, आज ५७ ची आहे. पहिल्या दिवशी नुसता २० किलोचा बार खांद्यावर घेऊन डगमगत होते, आज ९० घेऊन बसते. शिवाय स्नायूंचा आकार वाढवणारं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या रक्तात आमच्यापेक्षा साधारण पंधरापट असतं. ते असूनही जीममधल्या मुलग्यांचे दंड वर्ष वर्ष वाढत नाहीत आणि बिचारे टेप घेऊन मोजत बसतात. मग माझे चुकून कसे वाढतील? आवाज घोगरा होणं, दाढी येणं हे बाहेरून हार्मोन टोचून घेतल्याचे परिणाम आहेत, बार उचलल्याचे नव्हेत.

आता गुडघे. स्क्वॉटने गुडघे झिजतात हे मला सांगणारे निम्मे लोक स्वतः उकिडवे बसूनच लहानाचे मोठे झालेले असतात. आपल्या तालमीतली बैठक म्हणजे दुसरं काय? टाचा उचललेल्या, गुडघे पावलांच्या कितीतरी पुढे, नितंब टाचांना टेकलेले. पैलवान शेकड्यांनी बैठका काढायचे. तेव्हा कुणी गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडली नाहीत. ही भीती आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून परत आली. अमेरिकेत १९६१ साली कार्ल क्लाइन यांनी पूर्ण बसणाऱ्यांच्या गुडघ्यांचे बंध सैल होतात असा निष्कर्ष काढला आणि शाळा-कॉलेजांतून पूर्ण स्क्वॉट हद्दपार झाला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा तसं काही सापडलं नाही. पण भीतीला निवृत्तीचं वय नसतं.

‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हा त्याचाच धाकटा भाऊ. २००३ साली एका प्रयोगात गुडघ्यांपुढे फळी लावून ते अडवले आणि मग स्क्वॉट करायला लावला. गुडघ्यावरचा पीळ साधारण २२ टक्क्यांनी कमी झाला. पण नितंबाच्या सांध्यावरचा दहापटींहून जास्त वाढला, कारण गुडघा पुढे गेला नाही की धड पुढे झुकतं. भार नाहीसा होत नाही, तो फक्त पत्ता बदलतो. जिना उतरताना तुमचा गुडघा बोटांपुढे जातोच, हवं तर आत्ता उठून बघा.

गुडघ्यात आधीच झीज असेल तर? तेव्हासुद्धा मांडीचे स्नायू बळकट करणं हा उपचाराचा मोठा भाग असतो. अर्थात सुरुवात खुर्चीत बसून उठण्यापासून, बारपासून नव्हे.

पाठीबद्दल मात्र मी जरा जपून बोलते, कारण माझी स्वतःची धरली होती. तिसऱ्या वर्षी मी घराजवळच्या दुसऱ्या एका जीममध्ये गेले. डेडलिफ्ट ६० किलोवर छान चालली होती. तिथला ट्रेनर म्हणाला, “मॅडम, एकदम सोपं दिसतंय, दोन्ही बाजूंना दहा-दहा टाकू या.” मीही फुशारले. ६० वरून थेट ८०. बार गुडघ्यापर्यंत आला आणि कमरेत अशी उसण भरली की पाच दिवस मोजे नवऱ्याने घातले. गणिताच्या बाईला ६० चे ८० म्हणजे तेहेतीस टक्के वाढ, हे त्या क्षणी सुचलं नाही!

त्यातून मी शिकले ते एवढंच की वजन घातक नसतं, उडी घातक असते. जीममध्ये सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा असतात, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोन्ही बाजूंना एकेक लावली की अडीच किलो वाढतात. मज्जासंस्था आठवड्यांत शिकते, स्नायू महिन्यांत वाढतात, आणि स्नायू हाडाला बांधणारे कंडरे त्याहून सावकाश जुळवून घेतात. दुखापत होते ती बहुतेकदा या तिघांच्या वेगातल्या फरकात. तरीही पॉवरलिफ्टिंगमध्ये सरावाच्या दर १००० तासांमागे साधारण १ ते ४ दुखापती होतात असं पाहण्यांतून दिसतं. आठवड्याला तीन तास सराव केला तर हजार तास भरायला सहा वर्षांहून जास्त लागतात. माझी एक झाली, म्हणजे मी सरासरी बिघडवलेली नाही.

उसण भरली की घरात ‘गादी सरकली’ हा शब्द येतोच. मणक्यांमधली गादी साबणासारखी सटकत नाही. ती वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. फुगते, कधी तिच्या आतला मऊ भाग बाहेर येऊन नसेला टेकतो. आणि नुसतं फुगणं हे आजारपणच असतं असंही नाही. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय गोळा करून २०१५ साली मांडणी झाली, त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. रिपोर्टात ‘बल्ज’ वाचून पलंगाला खिळण्यापूर्वी हे आकडे आठवावेत. पाय बधिर पडत असेल, पावलात जोर राहिला नसेल किंवा लघवीवरचा ताबा गेला असेल तर मात्र आकडे आठवत बसू नये, तडक डॉक्टर गाठावा.

कमरेच्या पट्ट्याबद्दलही एक गंमत. पट्टा पाठीला टेकू देतो असं वाटतं. खरं तर तो पोटासाठी असतो. श्वास भरून पोट पट्ट्यावर दाबलं की आतला दाब वाढतो आणि धड घट्ट होतं. ढिला पट्टा बांधून ट्रेडमिलवर चालणारे काका मला रोज दिसतात. चालशे, म्हणून सोडून देते.

श्वास धरण्याचा विषय निघालाच आहे तर रक्तदाब. इथे लोकांची भीती अगदीच निराधार नाही. १९८५ साली कॅनडात काही बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून, जड लेग प्रेस (पायांनी वजन ढकलणं) चालू असतानाच दाब मोजला. सरासरी ३२०/२५० भरला, एकाचा तर ४८०/३५० च्या वर गेला! काही सेकंदांपुरता, पण गेला. नियमित व्यायामाने एरवीचा दाब थोडा उतरतो हेही खरं. म्हणून ज्यांचा दाब आटोक्यात नाही, डोळ्यांच्या पडद्याचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून जड वजनाच्या वाटेला जाऊ नये. हलकं वजन, जास्त वेळा, श्वास सोडत उचलणं हा वेगळा आणि बराच सौम्य मार्ग आहे.

मुलांची उंची खुंटते म्हणतात. नीट देखरेखीखाली केलेल्या व्यायामाने तसं होत असल्याचा पुरावा नाही. झाडावरून उडी मारताना पोराच्या हाडांवर येणारा दणका छोट्या डंबेलपेक्षा कितीतरी मोठा असतो. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते म्हणतात. हे म्हणजे डब्यातल्या गव्हाचे तांदूळ झाले म्हणण्यासारखं. स्नायू आटतो, खाणं तेवढंच राहतं आणि चरबी तिच्या हिशेबाने वाढते. अंग आखडतं म्हणतात. पूर्ण बसून-उठून केलेल्या स्क्वॉटने उलट मोकळं होतं. नवरात्रात नऊ रात्री गरबा खेळून दहाव्या दिवशी मी सरळ चालत होते, माझ्या निम्म्या वयाच्या भाच्या जिना धरून उतरत होत्या.

खाण्याकडे येते. इथे बडोद्यात दोन टोकं आहेत. एक म्हणजे प्रोटीन पावडर हे विष, मूत्रपिंडं जातात. दुसरं म्हणजे पावडरशिवाय काही होतच नाही. पावडर म्हणजे बहुतेक वेळा पनीर-चीज करताना उरणारं पाणी आटवून वाळवलेलं. दुधाचंच अपत्य. निरोगी मूत्रपिंडांना योग्य प्रमाणात त्याचा अपाय होत असल्याचं दिसलेलं नाही. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर सांगतील तेच माप. साध्या माणसाला आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं दिवसाला लागतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंतचा फायदा होतो, त्यापुढे विशेष फरक पडत नाही. म्हणजे माझं माप ४७ ते ९१ ग्रॅमच्या मधलं. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, एका अंड्यात सहा, पोळीत तीन. आमच्या गावची सेव-उसळ या हिशेबात वाईट नाही, वाटाणा आहे तो; पण प्रथिनं उसळीत असतात आणि लोक खातात शेव, तर्री आणि चार पाव.

क्रिएटिन (जीममधली दुसरी पावडर) हे स्टेरॉइड नव्हे. ते शरीर स्वतः बनवतं, मांसामाशांतून मिळतं, आणि दिवसाला तीन-पाच ग्रॅम घेतलं तर थोडी ताकद वाढते. फक्त रक्ततपासणीत क्रिएटिनिनचा, म्हणजे ज्यावरून मूत्रपिंडांचं काम जोखतात तो, आकडा जरा वर दिसू शकतो. तपासणीला जाताना डॉक्टरांना तसं आधीच सांगितलं तर घरी रडारड टळते. आमच्याकडे टळली नव्हती.

आता आई. ती ७१ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी हाडांच्या घनतेची तपासणी केली, तीत हाडं ठिसूळ होऊ लागल्याचं निघालं. सगळ्या नातेवाइकांचा एकच सल्ला, आता काही उचलायचं नाही. मलाही आधी तसंच वाटलं. पण हाड मुकं नसतं. त्याच्यावर भार पडला की ते त्या भाराला पुरे पडेल असं स्वतःला बांधतं, भार काढून घेतला की काटकसर करतं. अंतराळवीरांची हाडं विरळ होतात ती याचमुळे.

ऑस्ट्रेलियात याची नीट परीक्षा झाली, निकाल २०१८ साली आले. पाळी गेलेल्या, हाडं विरळ असलेल्या १०१ बायका. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, जाणकाराच्या नजरेखाली डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर बार ढकलणं. हलकंफुलकं नव्हे, प्रत्येकीच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांच्या वर. दुसऱ्या गटाला घरी करायचे सौम्य व्यायाम. आठ महिन्यांनी पहिल्या गटाच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, दुसऱ्याची १.२ टक्के घटली. आणि दुखापत? एकीच्या पाठीत उसण भरली. बस. त्याआधी १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या दहा आजी-आजोबांकडून आठ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला होता. पुरा केलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या वयातही मूर्ती उतरवणारी पोरं जवळपास तीच, मुख्यतः हाक पोचवली.

डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. देवघरातला चौरंग मधल्या खोलीत ठेवला, त्यावर चार किलोचं केटलबेल (वर कडी असलेलं वजन). जमिनीवरून नाही, चौरंगावरून. पाठ सरळ, नितंब मागे, पोटात श्वास, उठायचं. पहिला महिनाभर वजन वाढवलंच नाही. मग चौरंगाच्या जागी पाट आला, पाटाच्या जागी जमीन, केटलबेलच्या जागी बार. सव्वा किलोच्या प्लेटा मी वहीत मांडत गेले. दुखलं त्या दिवशी उतरवल्या, कंटाळा आला त्या दिवशी चहा प्यायलो. गेल्या मंगळवारी तिने साडेसदतीस किलो पाच वेळा उचलले.

शेजारच्या काकूंना मात्र ती अजून ‘गुडघ्याचा व्यायाम’ असंच सांगते. परवा काकू दारात उभ्या होत्या, पायाशी तांदळाची गोणी, पंचवीस किलोची, रिक्षावाल्याने पायरीशीच टाकून दिलेली. मी चप्पल घालेपर्यंत आई खाली गेली होती. गोणी ओट्यावर ठेवून तिने पदर खोचला आणि वर माझ्याकडे बघून म्हणाली, “हे वहीत लिहू नकोस. धरायला बार नव्हता.”